लाल औषधाचे डॉक्टर ह्यू यंग आणि प्रोस्टेट कॅन्सरची पहिली मोठी शस्त्रक्रिया

गुडघा फुटला की त्यावर लाल औषध लावायचे, हे आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत, गावच्या दवाखान्यात, घरातल्या फडताळात ती लहान बाटली असायची. तिचे नाव मर्क्युरोक्रोम. हे औषध जंतुनाशक म्हणून पुढे आणणारे डॉक्टर मूत्रविकारांचे शल्यचिकित्सक होते. त्यांचे नाव ह्यू हॅम्प्टन यंग. याच डॉक्टरांनी १९०४ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी संपूर्ण ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पद्धतशीरपणे सुरू केली.

घरातल्या वडिलांना किंवा आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी तो जास्त जोखमीचा असल्याचे सांगितले आणि ऑपरेशनचा विषय काढला, की घरात पहिला प्रश्न येतो : या वयात ऑपरेशन कशाला? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होता. यंग यांच्या आयुष्यात त्याचे उत्तर वेगवेगळ्या रुग्णांसाठी वेगवेगळे आले. म्हणून त्यांची गोष्ट आजच्या रुग्णांनी आणि नातेवाइकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

टेक्सासचा मुलगा

यंग यांचा जन्म १८ सप्टेंबर १८७० रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ या गावी झाला. वडील अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले सेनाधिकारी होते. ह्यू अभ्यासात झपाट्याचे होते. व्हर्जिनिया विद्यापीठातून त्यांनी बीए, एमए आणि डॉक्टरकी अशा तिन्ही पदव्या अवघ्या चार वर्षांत मिळवल्या. त्यानंतर ते बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले.

हे रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले होते आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र बनले होते. तिथले मुख्य शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध होते. कॅन्सरची गाठ तेवढी खरवडून न काढता तो अवयव आजूबाजूच्या भागासह एकसंध काढायचा, ही त्यांची शिकवण. तरुण यंग यांच्या मनावर ती कायमची कोरली गेली.

न मागता मिळालेला विभाग

यंग यांना सर्वसाधारण शल्यचिकित्सक व्हायचे होते. मूत्रविकारांची त्यांना ना आवड होती ना माहिती. त्या काळी या विभागाला मानही नव्हता. तिथे येणारे बरेच रुग्ण गुप्तरोगाचे असत. १८९७ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यांची हॉलस्टेड यांच्याशी गाठ पडली. मूत्रविकार विभाग तुमच्याकडे सोपवायचे ठरले आहे, असे हॉलस्टेड यांनी त्यांना सांगितले. यंग गोंधळले. आपल्याला यातले काही येत नाही, हे त्यांनी कबूल केले. त्यावर, तुम्ही शिकून घ्याल असा आम्हाला विश्वास आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. हा प्रसंग यंग यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला.

आणि खरोखरच ते शिकले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी याच कामाला दिली. अमेरिकेतील आधुनिक मूत्रशल्यशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

आधी प्रोस्टेट समजून घेऊ

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांमध्ये असणारी, अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढले की ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत मोठी होते. त्यामुळे लघवीची धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते, कधी लघवी पूर्ण अडते. ही साधी वाढ असते, कॅन्सर नव्हे.

कॅन्सर ही वेगळी गोष्ट आहे. तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो आणि सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. पुढे तो ग्रंथीचे आवरण ओलांडतो, जवळच्या लसीका ग्रंथींत जातो आणि मग हाडांत, विशेषतः कण्यात आणि कमरेच्या हाडांत पसरतो.

यंग यांच्या काळात पीएसएची रक्ततपासणी नव्हती, सोनोग्राफी नव्हती, एमआरआय नव्हता. डॉक्टरकडे होते फक्त बोट. गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपायची. साधी वाढ मऊ, रबरासारखी लागते. कॅन्सर दगडासारखा टणक लागतो.

७ एप्रिल १९०४

१९०२ पासूनच्या काळात यंग साध्या वाढीसाठी वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून ग्रंथीचा वाढलेला भाग काढत होते. अशा काही रुग्णांत, साधी वाढ समजून काढलेल्या भागात कॅन्सर निघाला. त्यांच्या लक्षात आले की कॅन्सर असेल तर आतला गर काढून भागत नाही. साल मागे राहते आणि आजारही सालीतच राहतो.

७ एप्रिल १९०४ रोजी त्यांनी वेगळी शस्त्रक्रिया केली. संपूर्ण प्रोस्टेट तिच्या आवरणासह, तिला लागून असलेले वीर्यकोश आणि मूत्राशयाच्या तोंडाचा थोडा भाग असे सगळे एकसंध काढले. मग मूत्राशय खाली ओढून लघवीच्या नळीला टाके घालून जोडले. त्या दिवशी त्यांच्या मदतीला स्वतः हॉलस्टेड उभे होते. स्तनाच्या कॅन्सरसाठी गुरूने जे तत्त्व वापरले, तेच शिष्याने प्रोस्टेटला लावले.

त्या काळाची कल्पना करा. प्रतिजैविके नव्हती. रक्तपेढी नव्हती. रक्तस्राव झाला तर तो हातानेच थांबवायचा. तरी यंग यांनी पुढेही असे रुग्ण घेतले आणि १९०५ मध्ये पहिल्या चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या लेखाच्या शीर्षकात आधी लवकर निदान हे शब्द होते आणि नंतर समूळ उपचार. हा क्रम महत्त्वाचा आहे. आजार ग्रंथीत असेपर्यंतच ही शस्त्रक्रिया तो मुळापासून काढू शकते, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये टणक गाठ लागली, तर ती कॅन्सर नाही असे सिद्ध होईपर्यंत संशय धरावा, असा त्यांचा आग्रह होता.

अडचण अशी की बहुतेक रुग्ण उशिरा येत. आजार हाडांत गेल्यावर, लघवी पूर्ण बंद झाल्यावर. त्यामुळे ही शस्त्रक्रिया ज्यांच्या कामाची होती असे रुग्ण फारच थोडे निघाले. शिवाय तिची किंमतही मोठी होती. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जाणे आणि लैंगिक क्षमता संपणे हे त्या काळी नेहमीचे होते. ज्यांचा जीव वाचला त्यांनी ही किंमत मोजली.

हिऱ्यांचा शौकीन जिम ब्रेडी

यंग यांचा सगळ्यात गाजलेला रुग्ण मात्र कॅन्सरचा नव्हता. जेम्स ब्यूकॅनन ब्रेडी हा रेल्वेचे सामान विकून श्रीमंत झालेला न्यूयॉर्कचा व्यापारी. हिऱ्यांच्या हौसेमुळे लोक त्याला डायमंड जिम म्हणत. खाण्याच्या बाबतीतही तो तितकाच प्रसिद्ध होता. प्रोस्टेट वाढून त्याची लघवी अडली होती. पण त्याला मधुमेह होता, रक्तदाब होता, हृदयही कमजोर होते. इतर डॉक्टरांनी त्याचे ऑपरेशन करायला नकार दिला होता.

१९१२ मध्ये तो यंग यांच्याकडे आला. यंग यांनी मोठी चिरफाड केली नाही. त्यांनी स्वतः तयार केलेले एक नळीसारखे उपकरण होते. ते लघवीच्या मार्गाने आत घालून, आतल्या धारदार नळीने अडथळा करणारा भाग कापून काढता येत असे. जागा बधिर करून हे काम झाले आणि ब्रेडीची लघवी मोकळी झाली. कृतज्ञतेपोटी त्याने दिलेल्या देणगीतून जॉन्स हॉपकिन्समध्ये मूत्रविकारांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. १९१५ मध्ये सुरू झालेली ही ब्रेडी संस्था आजही काम करते.

आज दुर्बिणीतून प्रोस्टेटचे जे ऑपरेशन होते, त्याच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे हे उपकरण. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ घरांत याचा घोळ होतो. दुर्बिणीच्या साध्या ऑपरेशनमध्ये ग्रंथीचा आतला अडथळा काढतात, पूर्ण ग्रंथी काढत नाहीत. लघवी मोकळी होते, पण कॅन्सर असेल तर तो बरा होत नाही. म्हणूनच दुर्बिणीतून काढलेले तुकडे तपासणीला गेले का, आणि त्याचा रिपोर्ट काय आला, हे नातेवाइकांनी न विसरता विचारावे. आणि तो कागद जपून ठेवावा.

व्हाइट हाउसमधून आलेले बोलावणे

ऑक्टोबर १९१९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर काही दिवसांतच प्रोस्टेटमुळे त्यांची लघवी अडली. यंग यांना बाल्टिमोरहून बोलावण्यात आले. देशातला सगळ्यात नावाजलेला मूत्रशल्यचिकित्सक आणि देशातला सगळ्यात मोठा रुग्ण. ऑपरेशन केले असते तर कोणी बोट ठेवले नसते.

पण इतक्या अशक्त रुग्णाला ऑपरेशन झेपणार नाही, हे यंग यांनी ओळखले. त्यांनी थांबण्याचा सल्ला दिला. रुग्णाला कमी त्रास देणारे उपाय चालू ठेवले आणि अडथळा आपोआप सुटला. विल्सन पुढे १९२४ पर्यंत जगले.

१९०४ चा रुग्ण, ब्रेडी आणि विल्सन हे तीन रुग्ण एकमेकांशेजारी ठेवून पाहा. पहिल्याची संपूर्ण ग्रंथी काढली, दुसऱ्याचे लहान ऑपरेशन केले, तिसऱ्याला हातही लावला नाही. तिन्ही वेळा यंग यांनी दोनच गोष्टी तोलल्या : आजार नेमका किती आणि कुठवर आहे, आणि या माणसाचे शरीर काय सोसेल. नुसता वयाचा आकडा त्यांनी कधीच पाहिला नाही.

युद्ध, मासिक आणि लाल औषध

यंग स्वस्थ बसणारे नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी मूत्रविकारांवरचे एक वैद्यकीय मासिक सुरू केले. ते या विषयातील जगातल्या प्रमुख मासिकांपैकी एक आहे. त्याच वर्षी ते अमेरिकी सैन्याबरोबर फ्रान्सला गेले. सैनिकांमधील गुप्तरोग रोखण्याची मोठी जबाबदारी त्यांनी तिथे सांभाळली.

परतल्यावर १९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत मर्क्युरोक्रोम जाहीर केले. मूत्रमार्गातील जंतूंवर चालेल असे औषध ते शोधत होते, आणि त्या शोधात तपासलेल्या संयुगांपैकी ते २२० वे होते. मूत्रमार्गापेक्षा खरचटलेल्या गुडघ्यांवरच ते जास्त चालले. त्यात पारा असल्याने आता ते मागे पडले आहे. घरी जुनी बाटली असेल तर वापरू नका. जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुणे जास्त चांगले.

१९४० मध्ये यंग यांचे आत्मचरित्र आले. २३ ऑगस्ट १९४५ रोजी बाल्टिमोरमध्येच त्यांचे निधन झाले.

यंग यांच्यानंतर

१९४१ मध्ये शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. वृषण काढले किंवा हार्मोन दाबले की पसरलेला आजारही आटोक्यात येतो. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे आजही अनेक रुग्णांना याच तत्त्वावर इंजेक्शने देतात किंवा ते लहान ऑपरेशन करतात.

यंग गेले त्याच वर्षी टेरेन्स मिलिन यांनी ओटीपोटातून प्रोस्टेटपर्यंत पोहोचण्याची नवी वाट दाखवली. १९८२ मध्ये यंग यांच्याच ब्रेडी संस्थेतील पॅट्रिक वॉल्श यांनी लैंगिक क्षमतेच्या नसा वाचवून ग्रंथी काढण्याची पद्धत आणली. रक्तस्रावही खूप कमी झाला. १९८० च्या दशकात पीएसए तपासणी आली. त्यानंतर कितीतरी रुग्ण, यंग यांना हवे होते तसे, लवकर सापडू लागले. आता रोबोटच्या साहाय्यानेही हे ऑपरेशन होते.

आज जास्त जोखमीचा कॅन्सर निघाला तर

पीएसए २० पेक्षा जास्त, बायोप्सीत ग्लिसन स्कोअर ८ ते १०, किंवा आजार ग्रंथीच्या आवरणाबाहेर आलेला. यापैकी काही असेल तर डॉक्टर त्याला जास्त जोखमीचा म्हणतात. याचा अर्थ आता काही होणार नाही, असा नाही. आजार परत येण्याची आणि पसरण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून उपचार पुरेसा जोरदार हवा, एवढाच याचा अर्थ.

आधी आजार कुठवर आहे ते पाहावे लागते. एमआरआय, हाडांचा स्कॅन, शक्य असल्यास पीएसएमए पेट स्कॅन. हाडांत गेला असेल तर ग्रंथी काढण्याचे ऑपरेशन सहसा करत नाहीत. मुख्य उपचार हार्मोनचा असतो. आजार ग्रंथीत किंवा तिच्या आसपासच असेल तर दोन मान्य मार्ग आहेत. एक, ऑपरेशन करून संपूर्ण ग्रंथी आणि लसीका ग्रंथी काढणे. दोन, रेडिएशन आणि सोबत साधारण दीड ते तीन वर्षे हार्मोनची इंजेक्शने.

ऑपरेशन निवडले तर काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. लघवीची नळी एक ते दोन आठवडे ठेवतात. नळी काढल्यावर सुरुवातीला लघवी गळते. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम केले तर बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते, काहींची थोडी गळती राहते. जास्त जोखमीच्या आजारात नसा वाचवणे प्रत्येकाला शक्य नसते, त्यामुळे लैंगिक क्षमतेबद्दल डॉक्टरांशी संकोच न करता बोला. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पीएसए करतात. तो जवळजवळ शून्य यायला हवा. तसा आला नाही किंवा पुढे वाढू लागला तर रेडिएशन लागते. जास्त जोखमीच्या बऱ्याच रुग्णांना अशी जोड द्यावी लागते. ऑपरेशन फसले असा त्याचा अर्थ घेऊ नका. ही उपचाराची पुढची पायरी असते.

वयाबद्दल विचाराल तर, ज्या माणसाचे हृदय, फुप्फुसे, साखर ठीक आहे आणि जो पुढे दहा वर्षे तरी जगेल असे वाटते, त्याच्यासाठी ऑपरेशनचा विचार होतो. सत्तरीतला शेतात चालता-फिरता माणूस त्यात बसू शकतो. साठीतला, हृदय खचलेला माणूस कदाचित बसणार नाही.

आपल्या भागात

बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि घरी म्हातारी माणसे राहतात. लघवीचा त्रास सांगायला त्यांना लाज वाटते, कंबरदुखी कामाची समजली जाते. मुले परत येईपर्यंत महिने गेलेले असतात. यंग यांच्या काळातही रुग्ण असेच उशिरा येत. त्यांना इलाज नव्हता, कारण तपासणीच नव्हती. आपल्याकडे ती आहे.

पन्नाशीनंतर पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोला. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर पंचेचाळिशीपासूनच बोला. लघवीची धार बारीक होणे, लघवीतून रक्त येणे, न थांबणारी पाठदुखी किंवा कंबरदुखी, यातले काहीही असेल तर वेळ घालवू नका. आधीच निदान झालेल्या रुग्णाच्या पायांतली ताकद अचानक कमी झाली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. पहिली तपासणी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते. कॅन्सरच्या पुढच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

आणि सर्जनसमोर बसाल तेव्हा, या वयात ऑपरेशन कशाला, असे विचारण्याऐवजी चार प्रश्न विचारा. आजार नेमका कुठवर आहे? बाबांचे शरीर ऑपरेशन सोसेल का? रेडिएशनचा मार्ग आम्हाला चालेल का? ऑपरेशननंतर आणखी काय लागू शकते? या चार उत्तरांवर घरातल्या सगळ्यांनी बसून विचार करा, आणि ज्यांचा आजार आहे त्यांनाही त्या बैठकीत बसवा.